दहापैकी किती

फ्लाइंग स्कूल चालवणाऱ्या कॅप्टनने पेनाचं टोपण काढून पेन मिस्त्रींच्या पुढ्यात ठेवलं आणि फॉर्मवरच्या रिकाम्या रेघेवर बोट टेकवलं.

"पालकाची सही इथं."

मिस्त्रींनी पेन उचललं नाही. जेवणाच्या सुट्टीत ते हँगरमधून तसेच उठून आले होते. बोटांचं काळं तेल चिंधीला पुसत राहिले. या फ्लाइंग स्कूलची विमानं ते अठरा वर्षं दुरुस्त करत होते, आणि महिनाभर घरात त्यांचा एकच धोशा होता: विद्यापीठाची विमानविद्येची पदवी घे, मग हवी तेवढी उड. तिथून प्रवेशाचं पत्रही आलं होतं. लेक मात्र हट्टाला पेटलेली.

"पहिली दोन वर्षं नुसती पुस्तकं," ती म्हणायची. "कोरड्यावर बसून कुणी पोहायला शिकतं का, बाबा?"

"डिग्री असली की उद्या काही बिनसलं तरी हाताशी काहीतरी राहतं."

"मला हाताशी काही नकोय. मला उडायचंय."

अखेर हात टेकून ते आज तिच्यासोबत आले होते.

"पोरगी धीट आहे, मिस्त्री," कॅप्टन म्हणाला. "डिग्रीवाले फळ्यावर विमानं काढत बसतात. आपल्याकडे पंधराव्या दिवशी कॉकपिट. दहा विमानं आहेत."

"त्यातली उडतात किती?" लेकीने विचारलं.

कॅप्टन हसला. "विमानं उडण्यासाठीच असतात, बाळ."

"येताना बघितली मी. चारांवर ताडपत्री आहे. एकाचं तर इंजिनच जागेवर नाही."

"देखभाल चालूच असते. विचार की तुझ्या बाबांना."

बाबांना यात ओढायचं लेकीच्या मनात नव्हतं. पण विचारलेला प्रश्न गिळून टाकणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

"बाबा, किती?"

मिस्त्रींनी चिंधीची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली.

"तीन," ते म्हणाले. "मंगळवारी एकाची मुदत संपते, मग दोनच. आणि शिकणारी पोरं बेचाळीस."

कॅप्टनचा चेहरा उतरला.

"पगार कोण देतं ते विसरलात वाटतं?"

"विसरलो नाही, साहेब. म्हणून तर आजवर बोललो नाही."

लेकीने फॉर्म ओढून घेतला.

"राहू दे तो इथं," कॅप्टन म्हणाला.

"नाव माझं आहे त्यावर," ती म्हणाली आणि चार घड्या घालून तिने तो पिशवीत टाकला.

"मग जा विद्यापीठात, उड फळ्यावर. आणि मिस्त्री, उद्यापासून तुम्हीही येऊ नका."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. दोघं फाटकाच्या दिशेने चालू लागले.

"तुमची नोकरी घालवली मी," लेक म्हणाली. "तरीही सांगते, डिग्रीला जाणार नाही."

"माहीत आहे." मिस्त्री थांबले. "नदीपलीकडे एक स्कूल आहे. विमानं दोनच, पण दोन्ही उडतात. माझ्या हाताखाली तयार झालेला माणूस बघतो ती."

लेक त्यांच्याकडे बघतच राहिली.

"मग महिनाभर डिग्री डिग्री का लावलं होतंत?"

धावपट्टीवर एक विमान उतरत होतं. त्याची चाकं जमिनीला टेकेपर्यंत मिस्त्रींनी नजर हलवली नाही.

"दोन वर्षं तरी जमिनीवर राहिली असतीस."

एवढं बोलून ते हँगरकडे वळले.

"तिकडे कुठं? येऊ नका म्हणालाय ना तो?"

"उद्यापासून म्हणालाय. आज एक इंजिन उघडं टाकून आलोय. पोरं बसतात त्यात."

लेक क्षणभर तिथंच घुटमळली. मग बाह्या वर सारून त्यांच्या मागोमाग आत गेली.