नागू ज्या खांबाला टेकून बसे

मित्रांनो, मी वडगावच्या सुबराव विणकराचा हातमाग. त्याच्या वडिलांनी मला करवून घेतलं, त्याला चाळीस वर्षं झाली. लुगडी विणून विणून माझे सांधे खिळखिळे झालेत. लोक माझ्या कापडाचं कौतुक करत; आता कौतुकाचाही शीण येतो. पण मोडीत निघण्याआधी नागूबद्दल सांगायलाच हवं.

नागू सुबरावची लेक. जन्मली तेव्हा बराच वेळ रडलीच नाही, काळीनिळी पडली होती. पुढे तिचे पाय एकमेकांत अडकून ताठ राहिले, मुठी उघडेनात, तोंडातून शब्दांऐवजी नुसते आवाज येत. बेळगावच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, "जन्मताना मेंदूला इजा झाली आहे. हे कुणाचं पाप नाही." पण ऐकतो कोण? तिची आई अंबूबाई तेवढी तिला जुन्या लुगड्याने माझ्या खांबाला बांधून बसवी, पडू नये म्हणून.

नागू सहा वर्षांची असताना सूर्यग्रहण आलं. सुबरावची थोरली बहीण बायाक्का म्हणाली, "सुबा, गिऱ्हाण सुटूस्तवर पोरीला गळ्यापतूर मातीत पूर. हातपाय सरळ हुत्यात."

"भ्याली तर गं, आक्का?"

"तिला काय कळतंय भ्यायला!"

घरामागच्या परड्यात खड्डा खणला. नागूचं ओरडणं अख्ख्या गल्लीने ऐकलं. ग्रहण सुटलं, हातपाय होते तसेच राहिले. मग पुढच्या ग्रहणाला पुन्हा पुरायचं ठरलं.

नागू दिवसभर माझ्याकडे बघत बसे आणि मध्येच "आँ" करून ओरडे. सुबराव वैतागे, "गप की गं!" एकदा मात्र ती ओरडली आणि त्याने वाकून पाहिलं. ताण्याचा एक उभा दोरा नुकताच तुटला होता. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तेव्हा त्याने मुद्दाम दूरचा एक दोरा गुपचूप तोडला.

"आँ!" नागू ओरडली.

अंबूबाई हसली. "मी कवाधरनं सांगतोय, तिला समदं कळतंय."

सुबरावच्या हातातला धोटा तिथेच थांबला. "समदं? मंग त्या दिशी बी..." तो उठून परड्यातल्या त्या खड्ड्याच्या जागेकडे बघत उभा राहिला. त्या दिवशी मी पुन्हा चाललो नाही.

पुढचं ग्रहण आलं तेव्हा बायाक्का फावडं घेऊन आली. सुबराव नागूला मांडीवर घेऊन बसला होता. "न्हाय, आक्का. पुरायचंच असंल तर मला पूर."

आता लोक म्हणतात, पोर कामाची निघाली हो! याचाच मला फार कंटाळा येतो. एकही दोरा तिने ओळखला नसता, तरी ती मातीत पुरायची वस्तू नव्हती.

मित्रांनो, असं मूल तुमच्या गल्लीत असेल, तर त्याच्याशी बोला. उत्तराला वेळ लागेल, तेवढं थांबा. आणि त्याला काय कळतंय, असं कधी म्हणू नका. बायाक्का ते म्हणाली, तेव्हा नागू माझ्या खांबाशीच बसली होती.