संघपालच्या ओळखी

पडेगाव रस्त्यावरच्या इन्क्युबेशन सेंटरमध्ये, म्हणजे नवे धंदे उबवायच्या त्या जागेत, संघपालला ओळखत नाही असा माणूस नव्हता. पाचोडचं हे पोरगं मोसंबी न कापता तिची गोडी सांगणारं यंत्र करत होतं, आणि करता करता जगाच्या ओळखी करून देत होतं. कुणाला वकील हवा, कुणाला वेल्डर हवा, की हा हातातलं काम टाकून उठलाच. तिथल्या व्यवस्थापक तनुजा मॅडम पाहुण्यांना सांगायच्या, "हे आमचं नेटवर्क." संघपाल लाजायचा आणि सुखावायचा. भोळा होता, दुसरं काय!

सर्किट बनवणारी शाइस्ता आणि साचे करणारा सुदर्शन, दोघंही त्यानं स्वतःच्या यंत्रासाठीच शोधली होती. औरंगपुऱ्यात चहाला नेऊन त्यांची गाठ त्यानंच घालून दिली. पुढं त्या दोघांनी मिळून दवाखान्यांसाठी एक उपकरण काढलं, त्याला मागणी आली, आणि संघपालचं काम मागं पडलं. "पुढच्या आठवड्यात नक्की, भाई," शाइस्ता म्हणायची. तिचा चेहरा खरंच ओशाळलेला असायचा, म्हणून त्याला भांडताही येईना.

हंगामाआधी यंत्र चालवून दाखव, नाहीतर सेंटरमधली खोली सोड, असं मॅडमनी बजावलं होतं. खोली गेली की यंत्रही गेलं. पाचोडच्या घरात ते मांडायला ना जागा होती, ना धड वीज.

हंगाम आला. यंत्र अर्धंच होतं. मुदत वाढवून मागावी म्हणून तो उठला, तर ती दोघं दारात. सर्किट आलं असं वाटून त्याच्या जिवात जीव आला. त्यानं लगबगीनं खुर्च्या पुसल्या.

"आमचं सामान मावंना एका खोलीत," सुदर्शन म्हणाला. "आणखी एक पाहिजे. मॅडम तुझं लई ऐकतात. जरा चल की आमच्यासंगं."

"पर रिकामी खोली हाय कुठं?"

"होनार है म्हणे एक," शाइस्ता म्हणाली. "कुणाची ते नाही माहीत, भाई."

संघपालला माहीत होतं. तरी तो निघाला.

मॅडमसमोर त्यानं नेहमीसारखीच ओळख करून दिली. "चांगली माणसं हायेत, मॅडम. शब्दाला पक्की."

मॅडम त्याच्याकडं बघतच राहिल्या. "आणि तुला काही बोलायचंय, संघपाल?"

दोघंही त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"नाय मॅडम," तो म्हणाला. "द्या त्यांना."