दारातलं पापलेट

हिरकणीने पापलेट दारातच साफ करायला घेतलं. मागच्या अंगणात पाणी होतं, दगड होता, सावलीही होती. पण तिथे बघायला कोण होतं? ओट्याच्या पायरीवर बसून तिने माशाला सावकाश चिरा दिल्या, हळद-मीठ चोळलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना नीट दिसेल असा तो हातात धरून ठेवला.

आगर गावातली मासळी विकणारी बाई चांगला मासा घरी शिजवत नसते. पापलेट डहाणूच्या बाजारात जातं. घरात मांदेली, नाहीतर सुके बोंबील. हिरकणीने जन्मभर तेच केलं आणि आता तेच अंगाशी आलं होतं. तिचा नवरा रामनाथ होडीवरचा तांडेल, आवाज असा की लाटांवरून ऐकू यावा. पोटातल्या गाठीने तो वाळत वाळत इतकासा उरला होता की सदऱ्यात माणूस आहे की नाही अशी शंका यावी. गाठ कुणाला दिसत नव्हती, हाडं दिसत होती. मग गावाने आपल्या परीने कारण शोधलं: पापलेट बाजारात, नि नवऱ्याला नुसती पेज! हे कानावर आल्यापासून हिरकणीला विहिरीवर जायची लाज वाटू लागली.

मुंबईच्या डॉक्टरने घरी पाठवताना तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आता खाल्लेलं अंगी लागायचं नाही. मागतील तेवढंच द्या, बळजबरी करू नका. ते तिने कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं तर संपलंच की सगळं. आणि डॉक्टरचं काय जातं? त्याला थोडंच विहिरीवर पाणी भरायचं होतं.

दुपारी वाणगावहून नणंद आली. अंबूबाई रामनाथची थोरली बहीण, जिभेने तिखट, पण भावावर जीव टाकणारी. ओट्यावर रामनाथजवळ शेजारचे बसले होते, डहाणू महाराष्ट्रात राहणार की गुजरातेत जाणार यावर हमरीतुमरी चाललेली. अंबूबाईने भावाचं मनगट हातात घेतलं, ते सोडेचना.

"हिरकणी, याला खायला काय घालतेस गो?"

हिरकणीने ताटच आणून ठेवलं. भात, कालवण आणि वर अख्खं तळलेलं पापलेट.

रामनाथने ताटाकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि तो जेवू लागला. घास तोंडात घोळवायचा, पाण्याचा घोट घ्यायचा, डोळे मिटून गिळायचा. त्याच्या कपाळावर घाम आला. हिरकणीला तो दिसला. तरी तिने आणखी भात वाढला.

"जेवतो तर चांगला," अंबूबाई शेजाऱ्यांना म्हणाली. "लोकांच्या तोंडाला कोन हात लावनार?"

डोक्यावरची भरली पाटी उतरावी तसं हिरकणीला हलकं वाटलं.

माणसं उठली, अंबूबाई शेजारी भेटायला गेली. तसा रामनाथ भिंत धरत मागच्या दारी गेला आणि खाल्लेलं सगळं उलटून पडलं. हिरकणीने धावत जाऊन त्याची पाठ धरली. मणका न् मणका तिच्या तळव्याला लागला.

"सगल्यांनी बघितलं ना?" तो धापा टाकत म्हणाला. "आता तुला कोन काय नाय बोलनार."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिने सोसला असता. तिला स्वतःची एवढी लाज वाटली की त्याच्या तोंडाकडे बघवेना. ती नुसती त्याची पाठ चोळत राहिली.

संध्याकाळी ओटा पुन्हा भरला. अंबूबाईने भावासाठी गरम घावन करून आणले. रामनाथने निमूट हात पुढे केला. तो ताटापर्यंत पोचायच्या आत हिरकणीने ताट उचललं.

"हे काय गो?" अंबूबाई ओरडली.

"आज यांना जेवान नाय."

"नाय म्हंजे?"

डॉक्टरचे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. पण रामनाथ समोर बसला होता.

"नाय म्हंजे मी नाय देत."

ओट्यावरचा वाद थांबला. "बघा, म्हंजे खरंच की," कुणीतरी हळूच म्हणालं. अंबूबाईने रडत पदर तोंडाला लावला.

रामनाथने हात मागे घेतला, भिंतीला पाठ टेकली आणि पाय मोकळे सोडले. हिरकणी ताट आत ठेवून आली आणि त्याच्या शेजारी बसली, सगळ्यांकडे तोंड करून.