काळ्या फियाटचा शेवटचा हात

काळा रंग मोठा चहाडखोर. पांढरा, पिवळा थोडंफार झाकून तरी घेतात. काळा मात्र रंगवणाऱ्याची एकेक चूक चव्हाट्यावर मांडतो. नाशिकच्या सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात, बंद करून घेतलेल्या बाल्कनीत, वैष्णवी चार दिवस त्याच्याशी भांडत होती. कॉलेज रोडच्या एका डॉक्टरांनी आपल्या जुन्या फियाटची वीतभराहून लहान, पण हुबेहूब प्रतिकृती करायला सांगितली होती. गाडीचा सांगाडा एका लाकडी दांडीला आतून स्क्रूने घट्ट बसवलेला होता, म्हणजे हात न लावता रंगवता येईल. तिने दोनदा रंग दिला, दोनदा टप संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत झाला, आणि दोनदा तिने तो रंग उतरवून टाकला.

नेमके अशा वेळी आप्पा आले. सावळीराम आप्पा, तिचे वडील. सायखेड्याच्या द्राक्षबागेतली एप्रिलची छाटणी उरकली होती, म्हणून मनुक्यांची पिशवी आणि एक निरोप घेऊन सकाळच्या एसटीने उतरले. त्यांचा भाचा किशोर पिंपळगावच्या एका द्राक्षं भरणाऱ्या पॅकहाऊसमध्ये मॅनेजर. तिथल्या ऑफिसात एक जागा रिकामी होती. पोरीसाठी आप्पांनीच शब्द टाकला होता, आणि हो की नाही ते आज संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचं होतं.

वैष्णवीने दोन वर्षांपूर्वी कंपनीतली नोकरी सोडून हा उद्योग मांडला. तेव्हापासून गावात कोणी विचारलं की आप्पा "नाशिकला असती" एवढंच सांगत आणि विषय पाऊसपाण्यावर नेत. लेक घरी बसून खेळण्यातल्या गाड्या रंगवते हे कोणत्या तोंडाने सांगणार?

आता एकतीस वर्षांच्या बाईला कोणी हाताला धरून पिंपळगावला नेणार नव्हतं. "नाही" म्हणायला तिला एक क्षण पुरला असता. पण ते "नाही" तिला आप्पांच्या तोंडून हवं होतं. आपली लेक काम करते, खेळत नाही, हे त्यांनी एकदा तरी कुणाला सांगावं एवढीच तिची हाव होती. आणि असलं काही तोंडाने मागायची तिला लाज वाटत होती.

जेवणं झाली. दीडच्या सुमारास तिने एअरब्रश उचलला. पेनाएवढी ती रंगाची पिचकारी, नळीने कॉम्प्रेसरला जोडलेली. आप्पा नाकाला रुमाल लावून दारात उभे राहिले. ओघळ येईल या धास्तीने तिने हात लांब धरला, भराभर फिरवला, आणि टपावर पुन्हा तीच साल उमटली.

"भर उन्हात फवारा कोण मारतं गं?" आप्पा म्हणाले.

"आप्पा, ही बाग नाही."

"नसंल. पण थेंब तर थेंबच हाय ना."

वैष्णवीच्या मस्तकात तिडीक गेली. चाळीस व्हिडिओ पाहिले होते तिने, परदेशातल्या कारागिरांचे. पण आप्पा वाद घालायला थांबलेच नाहीत. त्यांनी जुना पेपर पुढे केला. "ह्याच्यावर मार बरं." तिने मारला. त्यांनी चष्मा चढवला, पानामागची कीड शोधावी तसा तो पेपर उजेडाला धरला आणि त्यावरून बोट फिरवलं.

"हे बघ, नुसती भुकटी. तुझा थेंब वाटंतच वाळतो. वाळलेला थेंब पसरंल कसा? जवळून मार, हात दमानं ने. आन् ऊन उतरू दे आधी."

"आणि ओघळ आला तर?"

"पान न्हालं पाहिजे, पण गळता कामा नये. त्या दोन्हीच्या मधी एक टायम असतो. त्यो डोळ्याला दिसतो, पानावर चमक फिरती."

तिला राग आला तो यासाठी की चाळीस व्हिडिओंनीही हेच सांगितलं होतं. जवळ जायचा धीर तिचाच होत नव्हता.

"ऊन उतरायला साडेपाच होतील," ती म्हणाली. "तुम्हाला पाचला फोन करायचाय."

"बघू," म्हणून आप्पा चटईवर आडवे झाले आणि दोन मिनिटांत घोरायलाही लागले. वैष्णवी मोरीत बसून बारीक पॉलिश पेपरने पाण्याखाली तो खडबडीत थर घासत राहिली. जीव सगळा टांगणीला लागला होता. मग तिने रंगात थिनर वाढवलं आणि घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून दर दहा मिनिटांनी बघितलं.

पाच वाजता आप्पांचा फोन वाजला. किशोर. आप्पा तेव्हा तांब्याने बाल्कनीच्या फरशीवर पाणी शिंपडत होते, धूळ बसावी म्हणून. त्यांनी फोनकडे पाहिलं आणि शिंपडत राहिले. फोन वाजून वाजून थांबला. यातून काय समजायचं ते वैष्णवीला कळेना, आणि विचारायची छाती होईना.

ऊन समोरच्या इमारतीआड गेलं. तिने मास्क बांधला. पहिला हात अगदी पातळ दिला आणि पाच मिनिटं थांबली. मग एअरब्रश चार बोटांवर आणला, गाडीच्या अलीकडे हवेतच फवारा सुरू केला आणि सावकाश टपावरून नेला. हाताच्या मागोमाग ओली चमक सरकत आली. आता ओघळणार, असं वाटून तिचं बोट सैल पडू लागलं.

"सोडू नको," आप्पा हळूच म्हणाले.

तिने सोडलं नाही. टप, बॉनेट, दारं, डिकी. शेवटी मागच्या कडेला खाली एक थेंब जमू लागला. तो टिपायला ती कुंचल्याकडे वळणार तोच आप्पांनी तिच्या हातातून दांडी घेतली आणि मनगटाने एक झटका दिला. वैष्णवी गाडी झेलायला पुढे झाली.

गाडी जागची हलली नव्हती. थेंब मात्र आप्पांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर तीन काळे ठिपके होऊन बसला होता.

"औषधात बुडवला की घड असाच झटकतो आम्ही," ते म्हणाले. "टोकाला थेंब राह्यला की डाग पडतो."

रंग स्वतःच पसरला, निवला. काळ्या टपात आरशासारखे खिडकीचे गज उमटले, सरळ, एकही वाकडा नाही. आप्पा दांडी धरून कितीतरी वेळ ते गज बघत राहिले.

फोन पुन्हा वाजला. या वेळी त्यांनी डाव्या हाताने उचलला.

"हां किशोर. ऐकला रे मघाशी, हात गुंतले व्हते." थोडा वेळ त्यांनी ऐकून घेतलं. "नाय, तिला नाय जमायचं. तिच्याकडं काम हाय."

पलीकडून कसलं काम असं विचारलं असावं. वैष्णवी भिंतीला टेकून उभी राहिली. डोळे भरून आले होते, आणि मास्कमुळे निम्मा चेहरा झाकलेला होता हे बरंच झालं.

"रंगाचं," आप्पा म्हणाले. "लय अवघड असतं, तुला फोनवर नाय कळायचं. ये एकदा बघायला. आज नको पण, अजून ओलं हाय."