स्तामेनचा दाखला आणि वरच्या आळीचा रस्ता

मित्रांनो, मी एक जुना बर्फ हटवणारा ट्रक आहे. बल्गेरियाच्या डोंगरातल्या गोर्ना येलित्सा गावच्या नगरपालिकेत मी बत्तीस हिवाळे चाकरी केली. माझ्यापुढे रुंद लोखंडी फाळ बसवलेला आहे. तो खाली टाकला की बर्फ दोन्ही बाजूंना पांगायचा आणि मागे काळा रस्ता उघडा पडायचा. मुलांची शाळा सुरू व्हायची, पाववाल्याची गाडी वर जायची. एकदा माझ्या मागोमाग सुईण गेली आणि मुलगी सुखरूप जन्मली. तेव्हा लोकांनी माझ्या टपावर फुले ठेवली होती.

त्यातली अठरा वर्षे मला स्तामेन चालवत असे. माझा दुसरा गिअर अडायचा. तेव्हा तो म्हणायचा, "चल रे म्हाताऱ्या, नखरे पुरे!" आणि मी चालू लागायचो.

एकोणिसाव्या वर्षी स्तामेनने दोन मित्रांबरोबर वेलिका आजीचे दुकान फोडले होते. सिगारेटी आणि एक रेडिओ पळवला. चौदा महिने तो तुरुंगात होता. हे सगळ्या गावाला ठाऊक होते.

पुढे शेजारच्या शहरात पूर्वी शिक्षा झालेल्या एका सरकारी कारकुनाने लोकांच्या जमिनींचे खोटे कागद केले. लोक चिडले. त्यांचा राग खोटा नव्हता. मग नियम आला, की ज्याच्या चारित्र्याच्या दाखल्यावर शिक्षेची नोंद आहे त्याला सरकारी नोकरी नाही. नगराध्यक्षा त्सोंकाबाई स्वतः आवारात आल्या.

"बाई, अठरा वर्षांत माझी एक तरी तक्रार आली का?" स्तामेनने विचारले.

"एकही नाही. पण दाखल्यावर शिक्षा आहे, स्तामेन. तुझ्यापुरता नियम वाकवता येत नाही मला."

त्याने किल्ल्या माझ्या बॉनेटवर ठेवल्या आणि मागे न बघता गेला. मला हाक मारता आली असती, तर मी मारली असती.

नवा चालक रांगेल परगावचा, भला माणूस. त्याचा दाखला कोरा होता, पण आमचा रस्ता त्याने पाहिलेला नव्हता. जानेवारीत तीन दिवस बर्फ पडला. वरच्या आळीत वेलिका आजीला न्यूमोनिया झाला. डॉक्टरांची जीप माझ्यामागे होती. वळणावर रस्ता आणि दरी एकच पांढरी झाली आणि रांगेलने ब्रेक दाबला.

तेवढ्यात आजीच्या आजाराची खबर ऐकून लांब काठी घेऊन स्तामेन आला.

"तू चालव. मी पुढे चालतो. माझ्या पावलांवर फाळ ठेव."

"पण दादा, तुम्हाला परवानगी आहे का?"

"रस्त्यावर चालायला दाखला लागत नाही रे!"

चार किलोमीटर तो कमरेएवढ्या बर्फात काठीने कडा चाचपत चालला. दोनदा पडला, दोनदा उठला. डॉक्टर पोहोचले आणि आजी वाचली.

वसंतात आजी काठी टेकत नगरपालिकेत आली. तिचा आवाज आवारात माझ्यापर्यंत पोहोचला. "दुकान माझं फुटलं होतं! मी त्याला केव्हाच माफ केलं. तुमचं काय नेलं होतं त्याने, म्हणून अजून धरून बसलात?"

 मग त्सोंकाबाईंनी कायद्याची पुस्तके काढली. बरीच वर्षे नेकीने वागलेल्याची जुनी शिक्षा न्यायालय दाखल्यावरून पुसू शकते, असे त्यात निघाले. लाजेपोटी स्तामेनने कधी चौकशीच केली नव्हती, आणि कोणी त्याला सांगितलेही नव्हते. बाईंनी शेजारी बसून त्याचा अर्ज लिहिला. पानगळीत कोरा दाखला आला.

तोवर माझे इंजिन थकले होते. आता स्तामेन बर्फ हटवणारी नवी पिवळी गाडी चालवतो. मी कुंपणाजवळ उभा असतो. वाईट वाटते, पण रागावत नाही. गाव सुरक्षित हातांत आहे.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कोणाच्या हाती काम देताना "तू काय केलं होतंस?" असे जरूर विचारा. पण तिथेच थांबू नका. "मग पुढे काय केलंस?" हेही विचारा, आणि उत्तर पुरे होईपर्यंत ऐका.