पाणी पाजायला

नईम शेख अकरा वर्षं कचेरीत साक्षी इंग्रजीत उतरवत होता. आपलं इंग्रजी तहसिलीत सगळ्यांत चांगलं आहे, याबद्दल त्याला शंका नव्हती. दुसऱ्या कोणालाही नव्हती, कारण तपासून पाहील असं तिथं कोणी नव्हतं.

हे त्रेपन्न सालातलं. जिल्हा चांदा, राज्य मध्य प्रदेश, त्यामुळे दंडाधिकारी साहेब जबलपूरकडून आलेले. त्यांना झाडीपट्टीची बोली कळत नसे. साक्षीदार बोलायचा, नईम इंग्रजीत लिहायचा आणि साहेब ते वाचून निकाल द्यायचे. लिहिलेलं साक्षीदाराला परत ऐकवायचा नियम होता. तोही नईम पाळायचा, फक्त कागदाकडे न बघता मराठीतून, आठवणीनं सांगायचा. त्यामुळे साक्षीदार नेहमी म्हणायचा, "हाव, बरोबर हाये."

रविवारी दुपारी तो वच्छलाला इंग्रजी शिकवायचा. वच्छला सरकारी दवाखान्यात नर्स होती, वय बत्तीस, आणि बाहेरून मॅट्रिकला बसणार होती. नईमच्या दोन्ही मुली तिच्या हातावर जन्मल्या होत्या, म्हणून त्याच्या बायकोनं, खैरुननं, ही शिकवणी परस्पर ठरवून टाकली होती.

आधीच्या रविवारी 'लुक' झालं होतं. लुक आफ्टर म्हणजे सांभाळणे, लुक फॉर म्हणजे शोधणे, लुक इन्टू म्हणजे चौकशी करणे.

"शब्द एकच," वच्छला म्हणाली, "अन् मागं कोन चाललं त्याच्यावर त्याचा स्वभाव बदलते?"

"हाव."

"म्हंजे पोरगी सासरी गेल्यावानीच हाये."

नईमला व्याकरणात असली उदाहरणं आवडत नसत. त्यानं पुढचा धडा काढला. काही क्रियापदांच्या मागे 'टू' लागतो, काहींच्या मागे 'इंग' लागतो. काहींना दोन्ही चालतात, पण मग अर्थ वेगळा होतो. वच्छलानं वहीत दवाखान्यातलं वाक्य लिहिलं, आय स्टॉप्ड वॉशिंग माय हँड्स.

"तुमाले काय म्हनाचं हाये?"

"मी सुई टोचत होती, ते थांबवून हात धुतले."

"मंग 'टू वॉश' लिहा. हात धुवाले थांबली. 'स्टॉप्ड वॉशिंग' म्हंजे तुमी हात धुनंच बंद केलं. नर्सनं असं लिहून देल्लं तं नोकरी जाईन."

एवढं बोलून नईमनं वहीतल्या 'स्टॉप्ड'वर बोट ठेवलं. ते तिथंच राहिलं.

"काय झालं, नईमभाऊ?"

"काई नाई. पुढचं वाक्य लिहा."

तिनं पुढचं वाक्य चुकीचं लिहिलं. त्यानं त्यावर बरोबरची खूण केली.

सोमवारी तो कचेरीत तासभर लवकर गेला आणि मुखरूच्या खटल्याचे कागद काढले. मुखरू सावलीकडचा गाडीवान. त्याची बांबूची गाडी उतारावर आवरली नाही आणि पायी चाललेला एक म्हातारा चाकाखाली आला. दोन दिवसांनी तो दवाखान्यात वारला. साक्षीदार एकच होती, भागीरथा, शेजारच्या बांधीत धान कापणारी. ती म्हणाली होती, "मुखरूभाऊ त्याले पानी पाजाले थांबला." कागदावर नईमच्या वळणदार अक्षरात होतं, मुखरू स्टॉप्ड गिव्हिंग हिम वॉटर.

निकालपत्रात साहेबांनी त्याच ओळीचा आधार घेतला होता. मरणाऱ्याला पाणी पाजणं जो मधेच बंद करतो, त्याला दया दाखवण्याचं कारण नाही, असं म्हणून त्यांनी एक वर्षाची सजा दिली होती. मुखरू दोन महिन्यांपासून चांद्याच्या तुरुंगात होता.

नईमनं साहेबांना सांगितलं. साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. कागदावर आपली सही झालेली आहे आणि सही झालेला कागद चुकत नाही, असं ते म्हणाले. मग चहा मागवला. एकच.

घरी खैरुन म्हणाली, "किसीने पूछा था तुमसे?"

"नाही."

"फिर?"

नईम जेवला, पण भात अर्धा राहिला. तिसऱ्या दिवशी तिनं त्याची शेरवानी उन्हात टाकली आणि म्हणाली, "चांदा जाना है तो ये पहन के जाओ. कोट की कोहनी फटी है."

चांद्याला मुखरूच्या भावानं, इसरूनं, गुणवंतराव वकिलांकडून अपील टाकलेलं होतं. गुणवंतरावांनी नईमचं सगळं ऐकून घेतलं आणि प्रतिज्ञापत्र लिहायला कागद दिला. नईमला इंग्रजीतच लिहायचं होतं. पहिल्या ओळीत खेद व्यक्त करायचा होता. 'रिग्रेट टू राइट' की 'रिग्रेट रायटिंग', यावर त्यानं चार कागद फाडले.

"शेखसाहेब, मराठीत लिहा," गुणवंतराव म्हणाले. "इंग्रजी मी दुसऱ्याकडून करून घेतो."

अकरा वर्षांत त्याला असं कोणी म्हटलं नव्हतं. त्यानं मराठीत लिहिलं. दहा मिनिटांत झालं.

सुनावणीला सरकारी वकिलांनी त्याला एकच प्रश्न विचारला. "अकरा वर्षांत अशा किती साक्षी चुकवल्या?"

"मोजल्या नाहीत," नईम म्हणाला. "ही एक सापडली."

न्यायाधीशांनी भागीरथाला पुन्हा बोलावलं. ती वीस कोस बैलगाडीनं आणि मोटारीनं आली, आणि तिथं पुन्हा तेच विचारतात हे बघून वैतागली.

"मुखरू थांबला म्हणजे त्यानं काय केलं, बाई?"

"थांबला म्हंजे थांबला. गाडी उभी केली, खाली उतरला. तुंब्यातलं पानी त्याच्या तोंडाले लावलं. मंग त्याले गाडीत टाकून दवाखान्यात नेलं."

"दवाखान्यात नेल्याचं मागच्या वेळी का नाही सांगितलं?"

"मले तेवढंच पुसलं होतं, पानी पाजलं का म्हनून."

निकाल लागला. गाडी नीट न हाकल्याचा गुन्हा तसाच राहिला, कारण म्हातारा चाकाखाली आला होता आणि ते कोणत्याही भाषेत तसंच होतं. पण सजा कमी होऊन भोगली तेवढी पुरे ठरली. मुखरू त्याच आठवड्यात सुटला.

सुटला त्या दिवशी नईम तुरुंगाच्या फाटकाशी गेला. का गेलो, हे त्याला नंतरही सांगता आलं नाही. इसरूनं भावाला खूण केली, "हेच ते."

मुखरू बारीक झाला होता. त्यानं नईमकडे नीट पाहिलं.

"तुमीच लिवलं होतं?"

"हाव. मीच."

"अन् तुमीच खोडलं?"

"हाव."

मुखरूनं थोडा विचार केला. "म्हतारा मातर मेलाच," तो म्हणाला. "पानी घटाघटा पेला होता. मले वाटलं, वाचते." मग तो इसरूबरोबर मोटारअड्ड्याकडे निघून गेला. नईम बराच वेळ तिथं उभा होता. आपल्याला माफी हवी होती की शिवी, हे त्याला ठरवता येईना.

महिनाभरात बदलीचा हुकूम आला. सिरोंचा. तिथं साक्षीदार तेलुगू बोलत. दुभाषा ते मराठीत सांगे, आणि नईम ते इंग्रजीत उतरवी. पहिल्याच आठवड्यात एका कोळ्यानं साक्ष दिली. दुभाष्यानं सांगितलं, "त्यानं नाव सोडली."

"सोडली म्हंजे?" नईमनं विचारलं. "दोर सोडून पान्यात नेली, की टाकून देल्ली?"

दुभाष्यानं कोळ्याला विचारलं. कोळी बराच वेळ बोलला, हातवारे केले, मागे बसलेल्या दोघांनी त्याला दुरुस्त केलं. तिथल्या साहेबांनी घड्याळ काढलं.

"दोर सोडला," दुभाषा म्हणाला. "पन नाव आपोआप गेली. त्याले न्याची नव्हती."

नईमनं दौतीत टाक बुडवला आणि त्या एका वाक्याची तीन वाक्यं केली. मग ती कागदाकडे बघत, एकेक करून, मराठीत परत वाचून दाखवली, आणि दुभाष्यानं ती कोळ्याला तेलुगूत सांगितली. वर्षअखेरीस साहेबांनी त्याच्या गोपनीय अहवालात लिहिलं की हा इसम प्रामाणिक आहे, पण कामात संथ आहे.