रांजणावरचं ओगराळं

शाळेच्या ओसरीवर डाव्या कोपऱ्यात एक रांजण होता, आणि त्या रांजणावर पाणी वाढायला कोणी नव्हतं. जरीपटका बाजाराच्या पलीकडच्या त्या वस्तीत पहिलीत नाव घातलेलं पोर अक्षर गिरवायच्या आधी एवढं शिकायचं, की पेला आपला, हात आपला. बुडवायचा आणि प्यायचं. कोणाची वाट पाहायची नाही.

शालिकराम गुरुजींनी तो रांजण छप्पन साली बसवला होता, दीक्षा घेतली त्याच्या पुढच्याच आठवड्यात. बैलगाडीत तणीस घालून त्यांनी तो स्वतः आणला होता. ते लहानपणी कुहीकडच्या एका शाळेत होते, तेव्हा शिपाई लोट्यानं त्यांच्या ओंजळीत पाणी टाकायचा, हातभर उंचीवरून, आणि शिपाई रजेवर असला की तहान संध्याकाळपर्यंत तशीच राहायची. पोरांना त्यांनी हे कधी सांगितलं नाही. मोठ्यांना सांगायची गरज नव्हती. प्रत्येकाचा आपापला शिपाई होता.

वस्तीत नळ एकच, तोही शाळेचा आणि सकाळचे दोन तास. त्यामुळे दिवसभर अर्धी गल्ली रांजणावर यायची. शेजारची रुखमाबाई तर घरी माठ भरलेला असला तरी लोटा घेऊन दिवसातून तीनदा यायची. सत्तरी उलटलेली ती बाई रांजणात कोपरापर्यंत हात घालायची, लोटा भरून तिथंच उभ्यानं प्यायची आणि पदरानं तोंड पुसत इथलं पाणी गोड लागतं असं सांगायची. तिची आईविना वाढलेली नात प्रेमिला तिसरीत होती. गुरुजींच्या चौतीस पोरांत सगळ्यात जास्त प्रश्न तिचे.

दीक्षेला नऊ वर्षं होत आली होती, त्या आषाढात साथ आली. पेपरात होतं, की हा रोग दूरच्या कुठल्याशा बेटांवरून निघून देशोदेशी फिरत कलकत्त्याला उतरला आणि आता इकडे सरकतो आहे. पेपर त्याला पटकी म्हणायचे, वस्ती हैजा म्हणायची. पहिल्या आठवड्यात भोंगा लावलेली रिक्षा पाणी उकळा, पाणी उकळा सांगत फिरून गेली. दुसऱ्या आठवड्यात उसाच्या रसाच्या गाड्या उठवल्या, कापलेली फळं गटारात फेकली, चौकात टेबल टाकून सुया टोचल्या. सगळ्यांचे दंड सुजले. तिसऱ्या आठवड्यात नाल्यापलीकडे चार माणसं गेली आणि मग भोंगा आला नाही.

त्याच आठवड्यात हेल्थ इन्स्पेक्टर मधुसूदन शाळेत आला. तरुण माणूस, सायकलच्या कॅरिअरला पावडरीचं पोतं बांधलेलं, डोळे रात्रीचा झोपला नसल्यासारखे. त्यानं रांजणात औषध टाकलं, काठीनं ढवळलं आणि पहिल्या पोरानं पेला बुडवलेला पाहून तो थांबला.

"गुरुजी, औषध मी टाकलंय," तो म्हणाला, "पण पन्नास हात बुडाले की त्याचा जोर जातो. एकानंच उभं राहून वरून वाढायचं. पाण्यात हात कोणाचाच नको."

त्यासाठी त्यानं ओगराळंही आणलं होतं. पत्र्याचं, लांब दांड्याचं, नवं कोरं. दिल्याची सही घेतली. त्याच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. त्या दिवशी सात शाळांत त्यानं सात ओगराळी दिली होती आणि सहा ठिकाणी कोणाच्या कपाळाला आठी पडली नव्हती. गुरुजींना त्याला काहीतरी सांगायचं होतं. पण सांगायचं म्हणजे कुहीपासून सुरुवात करावी लागली असती, आणि त्याला अजून नाल्यापलीकडे जायचं होतं. ते एवढंच म्हणाले, की तोटीचं एखादं पिंप मिळालं तर बरं होईल. त्यानं ऑफिसात अर्ज द्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी वर्गात परातीत स्वच्छ पाणी घेतलं. एका पोराच्या बोटांना हळद लावली आणि पेला भरून घ्यायला सांगितलं. पाणी पिवळं झालं. दुसऱ्याला त्यातलंच घ्यायला लावलं. त्याचा पेला पिवळा, बोटं पिवळी. असं करत शेवटच्या रांगेपर्यंत हळद पोचली. रोग असाच जातो, फक्त तो पिवळा नसतो म्हणून दिसत नाही, असं त्यांनी समजावलं. पोरांना मजा वाटली. प्रेमिलाला नाही वाटली. ती आपल्या बोटांकडे बघत होती.

"मंग गुरुजी, रांजनात आपन हात काहून घालतो?"

चौतीस तोंडं त्यांच्याकडे वळली. तीस वर्षांच्या नोकरीत गुरुजींनी एकाही प्रश्नाला उद्या सांगतो म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं.

उद्या शाळाच नव्हती. साथ संपेपर्यंत शाळा बंद असा हुकूम आला. गुरुजी अर्ज घेऊन ऑफिसात गेले. तिथं विश्वनाथ नावाचे बाबू होते. त्यांच्या टेबलावर अर्जांची एवढी चळत होती, की कागद उडू नयेत म्हणून पंखा बंद ठेवला होता, आणि ते घामानं निथळत होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"शाळा बंद हाय ना, गुरुजी? मंग बंद शाळेत पानी कोन पिऊन राह्यलं?"

वस्ती पिते, असं गुरुजींनी सांगितलं. वस्तीचं खातं वेगळं निघालं. त्या खात्यातले साहेब दौऱ्यावर होते. विश्वनाथ बाबूंनी अर्जावर शिक्का मात्र मारून दिला, तेवढं त्यांच्या हातात होतं. परत येताना गुरुजी जरीपटक्याच्या बाजारात डब्यांना तोट्या जोडणाऱ्या टिनवाल्याकडे वळले. बाजार दहा दिवसांसाठी बंद केला होता आणि टिनवाला दुकानाला कुलूप लावून पोरीच्या गावी निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ओगराळं हातात घेतलं. नेहमीसारखी सगळ्यात आधी रुखमाबाई आली. गुरुजी रांजणापाशी उभे, दांडा धरलेला हात वर केलेला. ते पाहून ती पायरीवरच थांबली. गुरुजींनी तिला रोगाचं सांगितलं, हळदीचं सांगितलं, इन्स्पेक्टरचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. तिच्यामागं आणखी पाचसहा जण भांडी घेऊन उभे होते.

"तुवं बोलनं खरं असंन, शालिक," ती म्हणाली. "पन आता तूच वरून वाढशीन का गा मले?"

तिनं लोटा पालथा करून काखेत धरला आणि ती वळली. मागचेही वळले. कोणी एक शब्द वावगा बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. गुरुजींनी ओसरीवरून पाहिलं, तर रांग नाल्याकाठच्या विहिरीकडे चालली होती. त्या विहिरीतही पावडर टाकत होते, पण पाऊस झाला की नाल्याचं पाणी तिच्यात उतरायचं, आणि पाऊस रोज होत होता.

दुपारपर्यंत ते रांजणाजवळ बसून राहिले. पाणी तसंच भरलेलं, औषध घातलेलं, आणि पिणारं कोणी नाही. नाल्याच्या विहिरीपेक्षा रांजणात हात बरा, असा त्यांनी मनाशी हिशेब घातला. ओगराळं वर्गात खिळ्याला टांगलं. एका घमेल्यात लाल औषधाचं पाणी करून रांजणाशेजारी ठेवलं आणि वस्तीत फिरून सांगितलं, की हात त्यात धुवा आणि मग आपल्या हातानं घ्या. संध्याकाळी लोक परत आले. रुखमाबाई आली, कोपरापर्यंत हात लाल करून घेतला आणि हसली.

राखण प्रेमिलानं मागून घेतली. लाकडी स्टूल टाकून ती दिवसभर घमेल्यापाशी बसायची. न धुता कोणी पुढं झालं की मोठ्या माणसालाही हटकायची. "हात दाखवा आधी," म्हणायची, आणि नखं बघायची. तिला लोक छोटी इन्स्पेक्टरीण म्हणू लागले. एक बाप्या तिला म्हणाला, की सासरी गेलीस तर सासूलाही हात धुवायला लावशील. तर ही म्हणाली, लावीनच. गुरुजी ऐकत होते. त्यांना चार दिवस बरं वाटलं.

पाचव्या दिवशी स्टूल रिकामं होतं.

गुरुजी घरी पोचले तेव्हा रुखमाबाई तिला मांडीवर घेऊन बसली होती. सकाळपासून सतरा वेळा जुलाब झाले होते. डोळे खोल गेले होते, बोटांची कातडी म्हातारीसारखी सुरकुतली होती. तिचा बाप गिरणीत पाळीवर होता. त्याला निरोप धाडला, पोरीला रिक्षात घातलं आणि साथीच्या दवाखान्यात नेलं. खाटा भरल्या होत्या. व्हरांड्यात चटईवर जागा मिळाली. सलाईनची एक बाटली लावली. दुसरी येते आहे असं नर्स म्हणाली, आणि ती खोटं बोलत नव्हती. ती दर थोड्या वेळानं फाटकाकडे जाऊन गाडी आली का बघत होती. मग नातेवाइकांना व्हरांड्यापुढं बांधलेल्या दोरीच्या बाहेर काढलं.

दोरीपलीकडून चटईचं एक टोक आणि प्रेमिलाचे तळपाय दिसत होते. गुरुजी आणि रुखमाबाई तेवढंच बघत बसले. मधुसूदन एकदा आला, सायकल भिंतीला टेकवून गुरुजींशेजारी उभा राहिला. गुरुजींनी त्याला विचारलं, रांजणातून झालं असेल का? रांजणातून होऊ शकतं, तो म्हणाला. मध्ये एक दिवस आजीबरोबर नाल्याच्या विहिरीवर गेली असेल तर तिथूनही. आता कसं सांगणार?

म्हणजे ओगराळं उचललं म्हणून, किंवा ओगराळं टांगून ठेवलं म्हणून. दोन्ही हात गुरुजींचेच होते.

बाटल्यांची गाडी दिवेलागणीला आली. त्याच्या थोडं आधी नर्सनं प्रेमिलाच्या पायांवर चादर ओढली होती.

मूठमाती देऊन आल्यावर गुरुजी घरी न जाता शाळेत गेले. रांजण उपसला, घासला, उजाडल्यावर नळाखाली भरला, औषध टाकलं. मग वर्गात जाऊन खिळ्यावरचं ओगराळं काढलं आणि ते घेऊन ओसरीवर उभे राहिले. गल्लीतले लोक आले, पण पायरीखालीच थांबले. पुढं कोणी येईना. गुरुजींनाही कोणाला बोलावता येईना.

रुखमाबाई आली तेव्हा तिच्या हातात लोटा नव्हता. लोकांनी तिला वाट दिली. ती पायऱ्या चढली, प्रेमिलाचं स्टूल बाजूला सरकवलं आणि रांजणासमोर उकिडवी बसली. घमेल्यात हात धुतले. मग पदर सावरून तिनं दोन्ही हातांची ओंजळ केली आणि तोंडाशी धरली. साठ वर्षांपूर्वी शिकलेली ती बसण्याची तऱ्हा तिचं अंग विसरलं नव्हतं.

गुरुजींनी ओगराळं भरलं. हात पुढं होईना.

"टाक गा," ती म्हणाली. मान वर केली नाही. "पोरं मागं उभे हायेत."

गुरुजींनी धार सोडली. ती पीत होती आणि त्यांचा हात आपोआप खाली खाली जात होता, ओगराळ्याची कड तिच्या बोटांना टेकायला आली होती. तेवढ्यात त्यांना इन्स्पेक्टरचं बोलणं आठवलं, आणि त्यांनी हात पुन्हा वर उचलला, हातभर.